कोलिजन लागत नाही: ठाणे-नवी मुंबईच्या गेमवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ठाण्यात आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन जमतो, दोघं-तिघं ऐरोली-वाशीहून येतात, सगळे आपापला छोटा गेम बनवतायत, आणि आठवडाभर ग्रुपवर जे प्रश्न येतात त्यातले बरेचसे एकाच जातीचे असतात: धडक, म्हणजे कोलिजन, लागायला पाहिजे तिथे लागत नाही, नाहीतर नको तिथे लागते. तेच उत्तर फोनवर परत परत टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. बहुतेकांकडे युनिटी हे गेम बनवायचं इंजिन आहे म्हणून उत्तरं युनिटीची आहेत, गोडो हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनी प्रश्न १२ आधी बघा.

१. ताई, कोलायडर लावलाय तरी रिक्षा भिंतीतून आरपार जाते. सुरुवात कुठून करू?

कोड बंद करा आणि आधी सीन व्ह्यूमध्ये, म्हणजे गेम मांडायच्या खिडकीत, हिरव्या रेघा बघा. तुम्हाला रिक्षा दिसते, पण इंजिनला ती दिसत नाही, त्याला फक्त कोलायडरचा, म्हणजे धडकेसाठी वस्तूला लावलेल्या अदृश्य कवचाचा, आकार कळतो, आणि तो आकार ती हिरवी रेघ दाखवते. गिझमो, म्हणजे या मदतीच्या रेघा, चालू करा, गेम प्ले करा, धडक लागायच्या क्षणी पॉज दाबा आणि बघा की रेघ खरंच रिक्षाभोवती आहे का. घोडबंदर रोडवरचा रिक्षा-गेम करणाऱ्या आमच्यातल्या एकाने दोन संध्याकाळी कोडमध्ये शोधण्यात घालवल्या आणि शेवटी निघालं काय, तर मॉडेल बदलताना कोलायडर जुन्या जागीच राहिलेला, रिक्षाच्या मागे हवेत.

रेघ बरोबर असेल तर मग हे बघा: कोलायडरची टिक चालू आहे का, इज ट्रिगर चुकून टिक झालंय का कारण ट्रिगर कोणालाच अडवत नाही, हलणाऱ्या वस्तूवर रिजिडबॉडी, म्हणजे वस्तूला फिजिक्सच्या ताब्यात देणारा भाग, आहे का, आणि तुम्ही तिला हलवताय कसं. शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, त्याचं पूर्ण उत्तर प्रश्न ५ मध्ये.

२. ट्रिगर आणि साधं कोलिजन यात नेमका फरक काय, कधी काय वापरायचं?

साधा कोलायडर म्हणजे भिंत, अडवतो. ट्रिगर म्हणजे उंबरठा, ओलांडला की कळतं पण अडवत नाही. डिव्हायडर, फुटपाथ, बस हे साधे कोलायडर. खड्ड्यात चाक गेलं की स्पीड कमी करायचा, पॅसेंजर चढायची जागा, लेव्हल संपायची रेघ, हे सगळे ट्रिगर.

नियम एवढाच लक्षात ठेवा. कोलिजनचा मेसेज, म्हणजे धडक झाल्याची इंजिनची सूचना, यायला दोघांपैकी एकावर तरी रिजिडबॉडी पाहिजे आणि ती कायनेमॅटिक, म्हणजे फिजिक्सने न ढकलली जाणारी, तुम्हीच हलवायची, नसली पाहिजे. ट्रिगरचा मेसेज यायला एकावर रिजिडबॉडी पाहिजे, ती कायनेमॅटिक असली तरी चालते, आणि एकाचं इज ट्रिगर चालू पाहिजे. दोन कायनेमॅटिक वस्तू एकमेकांवर कितीही आपटवा, कोलिजनचा मेसेज येणार नाही, आणि हा बग नाहीये, त्यांना तसंच बनवलंय.

३. रिक्षा भिंतीला लागून थांबते, म्हणजे धडक होते, पण माझं फंक्शन कॉलच होत नाही.

मग फिजिक्स ठीक आहे, गडबड नावात आहे. धडक झाली की कॉल होणारं ऑनकोलिजनएंटर हे नाव युनिटी अक्षरशः जुळवून बघतं, एक अक्षर लहान-मोठं झालं तर ते तुमचं स्वतःचं वेगळं फंक्शन होतं, एरर येत नाही आणि कोणी कॉलही करत नाही. कंसातला प्रकारही बघा: ऑनकोलिजनएंटरला कोलिजन मिळतं, ऑनट्रिगरएंटरला कोलायडर मिळतो, एकातून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट करताना हे हमखास चुकतं. स्क्रिप्ट त्याच ऑब्जेक्टवर लावलीय का तेही बघा, कधीकधी ती मॅनेजरच्या रिकाम्या ऑब्जेक्टवर असते आणि तिथे कोणी धडकतच नाही.

फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक डीबग लॉग, म्हणजे कन्सोलवर मजकूर छापणारी ओळ, टाका. टॅग (वस्तूला दिलेलं ओळखीचं नाव) तपासणाऱ्या इफच्या आत टाकू नका, बाहेर टाका. नाहीतर टॅगचं स्पेलिंग चुकलेलं असतं आणि आपण फिजिक्सला दोष देत बसतो.

४. माझा गेम टूडी आहे, सगळं प्रश्न ३ प्रमाणे केलं, तरी नाही.

युनिटीत दोन वेगळी फिजिक्स इंजिनं आहेत, थ्रीडीसाठी फिजएक्स आणि टूडीसाठी बॉक्सटूडी, आणि या दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. बॉक्स कोलायडर आणि बॉक्स कोलायडर टूडी एकाच जागी ठेवले तरी ते कधीच भेटणार नाहीत. म्हणून कोलायडर, रिजिडबॉडी, फंक्शनचं नाव, कंसातला प्रकार, सगळ्यांच्या शेवटी टूडी पाहिजे. एक जरी सुटला तरी गप्प बसतं.

५. रिक्षा भिंतीत अर्धी घुसते आणि थरथरते. असं का?

कारण तुम्ही तिला ट्रान्सफॉर्मची, म्हणजे वस्तूची जागा ठेवणाऱ्या भागाची, पोझिशन बदलून हलवताय. म्हणजे प्रत्येक फ्रेमला तुम्ही तिला उचलून पुढच्या जागी ठेवता, मधल्या रस्त्यात काय आहे ते फिजिक्सला विचारतच नाही, मग तुम्ही भिंतीत ठेवलं की फिजिक्स तिला बाहेर ढकलतं, पुढच्या फ्रेमला तुम्ही परत आत ठेवता, ते परत ढकलतं, आणि ही ओढाताण म्हणजे ती थरथर.

डायनॅमिक, म्हणजे कायनेमॅटिक नसलेली, रिजिडबॉडी असेल तर वेग द्या किंवा फोर्स द्या, म्हणजे लिनिअर व्हेलॉसिटी सेट करा, युनिटी ६ च्या आधी त्याचं नाव नुसतं व्हेलॉसिटी होतं. कायनेमॅटिक असेल तर मूव्हपोझिशन वापरा, पण कायनेमॅटिक वस्तू भिंतीला जुमानत नाही हे लक्षात ठेवा, ती दुसऱ्यांना ढकलते, स्वतः थांबत नाही. आणि हे सगळं फिक्स्डअपडेटमध्ये, म्हणजे फिजिक्सच्या ठरावीक तालावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये. बटण दाबलंय का ते मात्र दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये वाचायचं, व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि फिक्स्डअपडेटमध्ये वापरायचं, कारण फिक्स्डअपडेट प्रत्येक फ्रेमला येईलच असं नाही आणि मग जंपचं बटण मधेच हरवतं.

६. गल्ली क्रिकेटचा गेम आहे. हळू बॉल खिडकीच्या काचेला लागतो, जोरात मारला की काचेतून आरपार जातो. काच जाड करू का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर कागदावर गणित करून मिळतं.

युनिटीचं फिजिक्स डीफॉल्टला दर ०.०२ सेकंदाला एकदा चालतं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, या प्रत्येक वेळेला स्टेप म्हणतात. बॉल ताशी ७२ किलोमीटरने गेला तर सेकंदाला २० मीटर, म्हणजे एका स्टेपमध्ये ४० सेंटिमीटर. बॉल साधारण ७ सेंटिमीटरचा, काच समजा तुम्ही १० सेंटिमीटर जाड केलीय, दोन्ही मिळून १७. या स्टेपला बॉल काचेच्या अलीकडे, पुढच्या स्टेपला पलीकडे, आणि दोन्ही वेळा इंजिनने विचारलं की कोणी कोणाला शिवतंय का, तर उत्तर नाही. मधे काय झालं ते त्याने बघितलंच नाही. याला टनेलिंग म्हणतात.

याच हिशेबाने स्टेप १७ सेंटिमीटरच्या आत राहिली तर बॉल नेहमी सापडेल, म्हणजे ताशी ३० किलोमीटरपर्यंत. त्याच्या वर गेलं की कधी लागणार कधी नाही, आणि म्हणूनच तुम्हाला हा बग नशिबासारखा वाटतो, तो नशिबाचा नाहीये. टाइमस्टेप निम्मा करून ०.०१ केला तरी ७२ च्या वेगाला स्टेप २० सेंटिमीटरची होते, म्हणजे प्रॉब्लेम तसाच आणि फिजिक्सचं काम मात्र दुप्पट.

खरा उपाय म्हणजे बॉलच्या रिजिडबॉडीवर कोलिजन डिटेक्शन डिस्क्रीटवरून कंटिन्युअस करा. मग इंजिन दोन जागांच्या मधला रस्ताही तपासतं. थ्रीडीत कंटिन्युअस स्थिर वस्तूंसाठी, आणि समोरची वस्तूही जोरात हलत असेल तर कंटिन्युअस डायनॅमिक. स्पेक्युलेटिव्ह हा आणखी एक प्रकार स्वस्त आहे आणि गोल फिरणाऱ्या बॅटसारख्या वस्तूला तेच बरं, कारण बाकीचे दोन सरळ रेषेतली हालचाल बघतात, फिरणं बघत नाहीत, पण स्पेक्युलेटिव्हमध्ये कधीकधी न लागलेली धडकही लागल्यासारखी वागते. टूडीत फक्त डिस्क्रीट आणि कंटिन्युअस एवढंच. सगळ्या वस्तूंना सरसकट कंटिन्युअस लावू नका, फोनवर जड जातं, फक्त बॉलला लावा. आणि बॉल ट्रान्सफॉर्मने हलवत असाल तर यातलं काहीच चालणार नाही, प्रश्न ५ वर परत जा.

७. पारसिकच्या बोगद्याचं मॉडेल केलंय, पण लोकल आत शिरतच नाही, तोंडाशीच आपटते. मेश तर पोकळ आहे!

ठाणे आणि दिव्याच्या मधला हा बोगदा १९१६ पासून आहे आणि लांबी सव्वा किलोमीटरच्या वर, त्यामुळे गेममध्ये तो ठेवायचा मोह होणारच. तुमच्या मेश कोलायडरवर, म्हणजे मॉडेलच्या जाळीवरूनच बनवलेल्या कोलायडरवर, कॉन्व्हेक्स टिक आहे. कॉन्व्हेक्स म्हणजे मॉडेलवर घट्ट कापड ताणून बांधल्यासारखा आकार, खोलगट भाग सगळा भरून निघतो, बोगद्याचं तोंडही. वाटी, कमान, डब्याचं दार, प्लॅटफॉर्मचं छप्पर, सगळ्यांचं हेच होतं.

बोगदा हलणार नाहीये, म्हणून त्याची कॉन्व्हेक्स टिक काढा आणि त्याच्यावर रिजिडबॉडी ठेवू नका. हलणाऱ्या गाडीला मात्र ही सोय नाही, कायनेमॅटिक नसलेल्या रिजिडबॉडीवर कॉन्व्हेक्स नसलेला मेश कोलायडर युनिटी ५ पासून चालत नाही, आणि कॉन्व्हेक्सला २५५ त्रिकोणांची मर्यादा आहे. डबा पोकळ पाहिजे असेल तर बॉक्स कोलायडर जोडून बनवा: खाली एक, वर एक, बाजूला दाराची जागा सोडून छोटे छोटे. कंटाळवाणं काम आहे पण एकदा केलं की गाडी कुठेच अडकत नाही, आणि खरं सांगायचं तर बोगद्यालाही मी असंच करते, बॉक्स मेशपेक्षा हलके पडतात.

८. टोलनाक्यावरून गाडी एकदाच जाते पण पैसे तीनदा कापले जातात.

गाडीवर कोलायडर किती आहेत ते मोजा. बॉडीचा एक, छताचा एक, बंपरचा एक असे तीन असतील तर नाक्याच्या ट्रिगरला तिघांचा वेगवेगळा ऑनट्रिगरएंटर येतो. आत आलेल्या कोलायडरचं अटॅच्ड रिजिडबॉडी घ्या, कारण तिन्ही कोलायडरची रिजिडबॉडी एकच असते, ती यादीत आधीच असेल तर सोडून द्या. बाहेर जाताना तिन्ही कोलायडर निघून गेले की मगच यादीतून काढा, म्हणजे मोजणी ठेवावी लागेल, पहिल्या एक्झिटलाच काढलंत तर मागचा बंपर परत आत धरला जाऊ शकतो.

खऱ्या ऐरोली आणि वाशीच्या नाक्यावर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे, तेव्हा गेममध्ये फक्त ट्रकला लावा, ते जास्त खरं वाटेल.

९. टाइलमॅपवर सपाट रस्ता आहे तरी माझा प्लेअर मधेच ठेच लागल्यासारखा थांबतो.

टाइलमॅप म्हणजे चौकोनी तुकडे जोडून केलेला नकाशा, आणि त्याचा टाइलमॅप कोलायडर प्रत्येक टाइलसाठी वेगळा आकार बनवतो, म्हणजे तुम्हाला सलग दिसणारा रस्ता इंजिनसाठी शेजारी शेजारी ठेवलेल्या फरश्या असतात, आणि प्लेअर किंचित आत दबला की पुढच्या फरशीची उभी कड त्याला भिंत वाटते. कंपोझिट कोलायडर टूडी लावा आणि टाइलमॅप कोलायडरला त्याच्यात मर्ज करा, मग सगळ्याची एकच बाहेरची रेघ होते. पण कंपोझिट लावलं की सोबत रिजिडबॉडी टूडी आपोआप येते आणि ती डायनॅमिक असते, तिला स्टॅटिक केलं नाही तर प्ले दाबताच अख्खं गाव खाली पडतं. घाबरून जाऊ नका.

प्लेअरला बॉक्सऐवजी कॅप्सूल दिलात तर उरलेली ठेचही जाते. भिंतीला चिकटून लटकत असेल तर ते वेगळं, ते घर्षण आहे, शून्य फ्रिक्शनचं फिजिक्स मटेरियल लावा.

१०. ठरावीक दोनच वस्तू एकमेकांना लागत नाहीत, बाकी सगळं नीट आहे.

लेयर कोलिजन मॅट्रिक्स, म्हणजे वस्तूंचा कोणता गट (लेयर) कोणत्या गटाला लागेल याचा तक्ता, बघा, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये. टूडीचा मॅट्रिक्स वेगळा, फिजिक्स टूडीखाली. कोणीतरी एक टिक काढलेली असते. एकूण ३२ लेयर आहेत, पण सहा-सात नीट नाव देऊन वापरलेत तर पुरतात. आणि चाइल्ड ऑब्जेक्टचा लेयर पॅरेंटपेक्षा वेगळा असू शकतो, कोलायडर ज्याच्यावर आहे त्याचा लेयर बघायचा.

११. रेकास्ट लेयरमास्क देऊनही सगळ्यांना लागतो. मास्क बिघडलाय का?

रेकास्ट म्हणजे एका जागेवरून किरण सोडून ती कशाला लागते ते बघणं, आणि मास्क म्हणजे ती कोणत्या लेयरना लागावी त्याची यादी. हा मास्क बहुतेक चुकीच्या जागी गेलाय. रेकास्टला सुरुवात, दिशा आणि मास्क एवढंच दिलंत तर तिसरी जागा अंतराची असते, मास्कची नाही. मास्क हा पूर्णांक असतो, तो निमूट अंतर म्हणून घेतला जातो, आणि ८ नंबरच्या लेयरचा मास्क म्हणजे २५६, म्हणून तुमची किरण २५६ मीटर लांब जाते आणि सगळ्या लेयरना लागते. कंपायलर काही बोलत नाही. आधी अंतर द्या, मग मास्क.

दुसरी चूक म्हणजे मास्कच्या जागी नुसता लेयरचा नंबर ८ देणं. मास्क बिटांचा असतो, लेयरमास्क डॉट गेटमास्क वापरून नावाने घ्या. आणि किरण स्वतःच्याच कोलायडरच्या आतून सुरू होत असेल तर थ्रीडीत तो कोलायडर लागत नाही पण टूडीत डीफॉल्टला लागतो, म्हणून टूडीत जमीन तपासणारी किरण प्लेअरलाच जमीन समजते आणि तो हवेत उड्या मारत राहतो.

१२. मी गोडोत आहे. बॉडी एंटर्ड सिग्नल येतच नाही.

रिजिडबॉडीचा सिग्नल, म्हणजे धडकेची सूचना, पाहिजे असेल तर काँटॅक्ट मॉनिटर चालू करावा लागतो आणि मॅक्स काँटॅक्ट्स रिपोर्टेड शून्यापेक्षा जास्त, दोन्ही. एरियाला, म्हणजे गोडोतल्या ट्रिगरला, हे लागत नाही. मग लेयर आणि मास्क: लेयर म्हणजे मी कुठे उभी आहे, मास्क म्हणजे मी कोणाकडे बघते. युनिटीसारखा इथे एक सामायिक तक्ता नसतो, त्यामुळे एरियाच्या मास्कमध्ये प्लेअरचा लेयर नसेल तर प्लेअर आतून नाचत गेला तरी एरियाला दिसत नाही.

सिग्नलच्या आतच कोलिजन शेप बंद करायला गेलात तर एरर येते, सेट डिफर्ड वापरा. आणि कोलिजन शेपला स्केल करून मोठं करू नका, आतल्या शेपचं माप बदला. गोडोचं फिजिक्स डीफॉल्टला सेकंदाला ६० वेळा चालतं, त्यामुळे प्रश्न ६ चं गणित ६० ने करा.

१३. गाडी लागलीच नाही तरी गेम ओव्हर होतो, अशी लोकांची तक्रार आहे.

स्प्राइटच्या, म्हणजे टूडी चित्राच्या, कडेला पारदर्शक जागा असते आणि बॉक्स तीही धरून बसतो. पण कोलायडर अगदी चित्राएवढा केलात तरी तक्रार राहील. खेळणाऱ्याच्या डोळ्याला निसटता स्पर्श म्हणजे सुटलो असंच वाटतं आणि मला विचाराल तर त्याचंच खरं मानावं. प्लेअरचा कोलायडर चित्रापेक्षा थोडा लहान ठेवा, नाणी आणि पॅसेंजर गोळा करायचे ट्रिगर थोडे मोठे.

१४. ऑनट्रिगरएक्झिट कधीकधी येतच नाही, खड्ड्यातून बाहेर आल्यावरही रिक्षा हळूच चालते.

खड्ड्यात असताना खड्डा डिस्ट्रॉय होतोय किंवा बंद होतोय का? थ्रीडीत आतली वस्तू किंवा ट्रिगर असा गायब झाला तर एक्झिट येत नाही. टूडीत कॉलबॅक्स ऑन डिसेबल नावाची सेटिंग आहे, ती चालू असेल तर येतो. रस्ता पुढे सरकला की मागचे खड्डे काढून टाकणाऱ्या गेममध्ये हे नेहमीच होतं, म्हणून खड्ड्याच्या ऑनडिसेबलमध्ये स्वतःच रिक्षाला कळवा.

१५. सिग्नलला उभ्या रिक्षाचं वेटिंग मोजतोय, पण अर्ध्या सेकंदात मोजणी थांबते.

रिजिडबॉडी झोपली. वस्तू हलत नसेल तर इंजिन तिला झोपवतं, टूडीत डीफॉल्ट ०.५ सेकंदाने, आणि झोपलेल्या वस्तूला स्टेचे, म्हणजे अजून आत आहे असे, मेसेज येत नाहीत. स्लीपिंग मोड नेव्हर स्लीप करता येतो, पण त्यापेक्षा एंटरला मोजणी सुरू करा, एक्झिटला बंद करा, आणि वेळ अपडेटमध्ये मोजा.

१६. दहीहंडीचा गेम आहे. पाच थर लावले की मनोरा आपोआप डुलतो आणि कोसळतो, कोणी हातही लावत नाही.

ठाण्यात नऊ थर बघितलेल्याला पाचावर समाधान होणार नाही हे मला मान्य आहे. पण खालच्या गोविंदावर वरच्या सगळ्यांचा भार आहे हे इंजिन एका झटक्यात सोडवत नाही, थोडं थोडं दुरुस्त करत जातं, युनिटीत डीफॉल्टला ६ फेऱ्या. मनोरा उंच झाला की सहा फेऱ्यांत खालचा धक्का वरपर्यंत नीट पोचत नाही, थोडी चूक उरते, ती पुढच्या स्टेपला वाढते. या फेऱ्यांची सेटिंग, सॉल्व्हर इटरेशन्स, १५-२० करून बघा. वजनंही बघा, वर जड आणि खाली हलकं असेल तर टिकणारच नाही, सगळ्यांची वजनं जवळपास ठेवा आणि खरी पथकं करतात तसं दणकट खाली, हलका पोरगा वर.

तरी मी असं सुचवेन की थर लागेपर्यंत सगळ्यांना कायनेमॅटिकच ठेवा, डुलणं ॲनिमेशनने दाखवा, आणि तोल गेला की त्याच क्षणी सगळ्यांना डायनॅमिक करा. पडणं खरं वाटतं आणि उभं राहणं तुमच्या हातात राहतं.

१७. माझ्या पीसीवर सगळं लागतं, आईच्या जुन्या फोनवर लागत नाही.

फिजिक्सची स्टेप फोनवरही तेवढीच असते, म्हणून फिजिक्सने हलणाऱ्या वस्तू सहसा तशाच वागतात. फरक पडतो तो अपडेटमध्ये हलवलेल्या वस्तूंना. फोनवर फ्रेम कमी, एका फ्रेमला वस्तू जास्त अंतर उडी मारते, आणि परत तेच टनेलिंग. डेल्टाटाइमने, म्हणजे फ्रेमला लागलेल्या वेळेने, गुणलं तरी उडी लांबच राहते. प्रश्न ५ चा उपाय करा.

१८. कॅरेक्टर कंट्रोलर वापरतेय. रुळावर पडला की प्लॅटफॉर्मवर परत ठेवते, पण तो रुळावरच राहतो.

कॅरेक्टर कंट्रोलर, म्हणजे रिजिडबॉडीशिवाय पात्र चालवणारा युनिटीचा भाग, स्वतःची जागा स्वतः लक्षात ठेवतो आणि तुम्ही ट्रान्सफॉर्मने बदललेली पोझिशन पुसून टाकतो. आधी कंट्रोलर बंद करा, जागा बदला, परत चालू करा. त्याला ऑनकोलिजनएंटरही येत नाही, ऑनकंट्रोलरकोलायडरहिट वापरायचं, आणि तेही मूव्ह कॉल केलं तरच.

१९. हे सगळं करून झालं, तरी नाही लागत. ग्रुपवर काय पाठवू?

कोडचा फोटो नको. नवीन रिकामा सीन उघडा, त्यात फक्त त्या दोन वस्तू ठेवा आणि तिथे बग येतो का बघा. तिथे आला नाही तर मूळ सीनमधल्या वस्तू एकेक करून आणत जा, ज्या वस्तूने बिघडेल तिच्यात कारण आहे. तिथेही आला तर हिरव्या रेघा दिसतील असा दहा सेकंदांचा व्हिडिओ, दोन्ही वस्तूंच्या इन्स्पेक्टरचा (सेटिंग्ज दाखवणाऱ्या पॅनेलचा) स्क्रीनशॉट आणि इंजिनचं व्हर्जन पाठवा. रविवारी येणार असाल तर लॅपटॉपचा चार्जर आणा, तिथे प्लग दोनच आहेत.